खिरापतीत दूध आहे का?

हलव्यात दूध नसतं, असं मी कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. संक्रांतीचा काटेरी हलवा म्हणजे तीळ, साखर, पाणी आणि शेगडीपुढे बसण्याची चिकाटी. त्यात दुधाचा संबंध येतोच कुठे? माझ्या लेकीला तान्ही असल्यापासून दुधाची ॲलर्जी आहे. पेढा, बर्फी, बासुंदी, श्रीखंड, केक, चॉकलेट हे सगळं तिला वर्ज्य. म्हणून संक्रांत हा आमच्या घरातला सगळ्यांत निर्धास्त सण होता. तिळगूळ चालतो, गूळपोळी तेलावर भाजली की चालते, हलवा चालतो. ती पाच वर्षांची असताना शेजारच्या बाळाचं बोरन्हाण होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओतलेली बोरं, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे. चॉकलेटंही होती, ती आम्ही हुशारीने आधीच बाजूला काढायला लावली होती. लेकीने मूठभर हलवा खाल्ला आणि पंधरा-वीस मिनिटांत तिच्या गळ्यावर, कानामागे पित्त उठलं, ओठ सुजले.

दुसऱ्या दिवशी मी हलवा करणाऱ्या मावशींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अहो, साखरेची मळी काढायला चमचाभर दूध घालतेच मी पाकात. ते मळीबरोबर वर येतं, झाऱ्याने काढून टाकायचं. हलव्यात दूध राहतंय कुठे?" त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या. पाक असाच स्वच्छ करायची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे, माझ्या आजीचीही तीच होती. मी विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती. आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही, कारण असलं काही सांगायचं असतं हे त्यांना कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या मुलांना दूध चालत नाही, त्यांचा प्रश्न आपण त्यांच्या आईने भरलेल्या डब्यात बंद करून टाकला आहे. त्याची खरी जागा शाळेचा वर्ग, सोसायटीचा गणपती आणि मिठाईच्या दुकानातली काचेची कपाटं ही आहे. जे सगळ्यांना वाटायचं म्हणून केलेलं असतं, ते सगळ्यांना घेता यायला हवं. आणि त्यात काय घातलं आहे ते विचारण्याआधी कळायला हवं.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण तो जिवावर बेतू शकतो. दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात तयार होतं आणि बहुतेक माणसांमध्ये बालपण सरल्यावर ते कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश प्रौढांची हीच गत आहे. अशा माणसाला पेलाभर दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. तरी त्याला दही बहुधा चालतं, कारण विरजणातले जिवाणू बरंचसं लॅक्टोज संपवतात. तूप तर चालतंच. ॲलर्जीचं तसं नाही. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातल्या प्रथिनांनाच, केसीन आणि व्हेमधल्या (दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातल्या) प्रथिनांना, शत्रू समजते. मग पेला आणि चमचा हा फरक उरत नाही. अंगावर पित्त उठणं, उलट्या, छातीत घरघर, आणि क्वचित रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येणं, इथपर्यंत मजल जाऊ शकते. चांगल्या कढवलेल्या तुपातही प्रथिनांचे अंश राहू शकतात.

"मग शेळीचं दूध द्या की," हा सल्ला आम्हाला निदान पन्नास जणांनी दिला असेल. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तीही सोसत नाहीत. पुष्कळ मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात आपोआप जाते, हे खरं आहे आणि ती आशा आम्हीही धरून आहोत. पण ती गेली की नाही हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासायचं असतं. "एवढ्याशाने काय होतंय" म्हणत मांडीवर बसवून पेढ्याचा कण भरवून पाहायचं नसतं. हे भरवणारी माणसं प्रेमळ असतात, हीच त्यातली मोठी अडचण आहे.

आता शाळेतला एक सकाळचा तास डोळ्यांपुढे आणा. कुणाचा तरी वाढदिवस आहे. चाळीस मुलांच्या वर्गात महिन्याला तीन-चार तरी असतातच. मूल रंगीत कपडे घालून येतं, पिशवीतून चॉकलेटं निघतात, बाई गाणं म्हणायला लावतात, चॉकलेट बाकाबाकावर पोहोचतं. माझी लेक म्हणते, "मला नको." वर्षाला तीस-पस्तीस वेळा ती हे म्हणते. पहिल्या वर्षी ती का म्हणते हे समजावून सांगायची. दुसऱ्या वर्षी तिने समजावणं सोडलं. बालवर्गातल्या एका सहलीत तिला म्हणाले, "तू तुझा डबा घेऊन इकडे बस," आणि ती एकटी झाडाखाली जेवली. तिला बसवणाऱ्यांचा हेतू तिला जपण्याचाच होता. मुलाला कळतं ते एवढंच, की सगळे जिथे बसलेत तिथे मी नाही.

देवाच्या दारात तर आणखी अवघड. तीर्थ म्हणून हातावर पंचामृत येतं, त्यात दूध, दही, तूप तिन्ही. सत्यनारायणाचा शिरा दुधातुपातला. गोपाळकाल्यात दही. प्रसाद नाकारणं हा आपल्याकडे देवाचा आणि यजमानाचा अपमान समजला जातो, आणि सहा वर्षांच्या मुलीने तो अपमान कसा करावा हे तिला आम्हीच शिकवायचं. आपल्याच परंपरेत पंचखाद्य आहे: खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस. बत्तासे, साखरफुटाणे, लाह्या आहेत. गणपती विसर्जनाची वाटली डाळ आहे. या सगळ्याला प्रसाद म्हणून तितकाच मान आहे. दुधाचा प्रसाद बंद करा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्याच्या शेजारी पंचखाद्याची एक वाटी ठेवा, इतकीच विनंती आहे.

माझ्या सासूबाई मालवणजवळच्या. लेकीच्या ॲलर्जीचं निदान झालं तेव्हा आम्ही दोघं हवालदिल झालो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दूध नाय तर नाय. नारळ आसा मा घरात." तेव्हा मला तो भाबडेपणा वाटला होता. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी आमच्या ओट्यावर जे करून दाखवलं, त्याने माझा समज बदलला.

त्यांनी शिरवाळे केले. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे, आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. थंड झालं की साचा हलत नाही. एकट्याने ते होत नाही. एकाने साचा धरायचा, दुसऱ्याने अंगाचा भार टाकायचा. खाली पांढऱ्या शेवयांचे वेटोळे पडत जातात. मग नारळाच्या रसात गूळ आणि वेलची घालून त्यात ते बुडवून खायचे. कोकणात नारळाच्या दुधाला रस म्हणायची जुनी सवय आहे, आणि आमच्या घरात त्या शब्दाची फार मदत झाली. "दूध" शब्द ऐकून दचकणाऱ्या लेकीला "रस" म्हटल्यावर पहिल्यांदा वाटी तोंडाला लावावीशी वाटली. शिरवाळ्यांमागून खापरोळ्या आल्या, घावन-घाटलं आलं, हळदीच्या पानातल्या पातोळ्या आल्या, खांडवी, सोलकढी. गोव्याच्या एका मैत्रिणीने बायकोला मणगणे शिकवले: चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. दोदोलही तिनेच दिला, तांदळाचं पीठ आणि गूळ नारळाच्या रसात तासन्‌तास घोटून केलेला. यांतला एकही पदार्थ कुणाच्या ॲलर्जीसाठी शोधलेला नाही. कोकणातली गाय ठेंगणी, जेमतेम दूध देणारी. पाऊस उदंड, पण पोसणारा चारा तुटपुंजा. आणि दारात माड. त्या जमिनीने आणि हवामानाने हे स्वयंपाकघर घडवलं.

घाटावरचे मित्र मला सांगतात की आमच्याकडे ताक, दही आणि तुपाशिवाय पानच पुरं होत नाही. ते खरं आहे. तरीही भाकरी, झुणका, ठेचा, शेंगदाण्याची आमटी, कटाची आमटी, थालीपीठ, गूळपोळी, चिक्की, खानदेशातलं भरीत, विदर्भातली पाटवडी हे दुधावाचून उभं आहे. पुरणपोळीवर तुपाची धार हवी यात वाद नाही, पण तेलावर लाटलेली तेलपोळीही सणाचीच पोळी आहे. आपल्या आज्यांच्या डब्यांत रोजचा खुराक शेंगदाण्याचं कूट आणि तीळ हाच होता. मुंबईत १९४९ साली आरेची दूध वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली, आणि पिशवीतलं दूध दाराशी येऊ लागलं. त्यानंतरच शहरातल्या मध्यमवर्गाला पोटभर दूध परवडू लागलं. ही मोठी कमाई आहे आणि ती शेतकऱ्याच्या घामाची आहे. पण दुधाशिवाय सण होत नाही असं जे आज आपल्याला वाटतं, ते सर्वांच्या बाबतीत कधीच खरं नव्हतं.

इथे एक इशारा मनापासून देतो. नारळाचा रस चवीला दुधाची जागा घेतो, पोषणाला घेत नाही. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम अगदी कमी. बाजारातल्या खोक्यातलं बदामाचं पेय हे मुख्यतः पाणी असतं. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, तिळात त्याहून कितीतरी जास्त, आणि गाईच्या दुधात साधारण १२०. कागदावर नाचणी जिंकते. पण धान्यातली फायटेटं आणि तिळाच्या सालातली ऑक्झलेटं यातलं बरंच कॅल्शियम शरीराला मिळू देत नाहीत. नाचणीला मोड आणून सत्त्व करायची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे, मोड आले की फायटेटं घटतात. शेवग्याचा पाला, डाळी, सोयाबीन, आणि चालत असेल त्या घरात काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी, या सगळ्यांची मोट बांधावी लागते. ब १२ जीवनसत्त्व तर वनस्पतीतून मिळतच नाही. शाकाहारी घरात दूध सुटलं की ते गोळीने द्यावं लागतं. म्हणून निव्वळ फॅशन म्हणून किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून वाढत्या मुलाचं दूध तोडणाऱ्या आईबापांच्या मी विरोधात आहे. आमच्या लेकीचं दूध डॉक्टरांनी बंद केलं, आणि तिच्या आहाराचा हिशेब आहारतज्ज्ञ दर सहा महिन्यांनी तपासतात.

या बाबतीत मला महात्मा गांधींची आठवण होते. दक्षिण आफ्रिकेत असताना, १९१२ साली, त्यांनी दूध सोडलं. पुढे १९१८ च्या आजारपणात प्रकृती इतकी खालावली की कस्तुरबांच्या आग्रहाने ते शेळीच्या दुधाला राजी झाले, आणि ती गोष्ट त्यांना कायम टोचत राहिली. दुधाला वनस्पतीतला पुरेसा पर्याय आपल्याला सापडला नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. त्याच माणसाने ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरवून नयी तालीमची कल्पना मांडली: मुलाच्या शिक्षणाच्या मध्यभागी हाताचं काम असावं. तिचा आराखडा झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केला. आपल्या पिढीला शाळेत "कार्यानुभव" नावाचा जो तास असायचा, लोकरीची तोरणं आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड करायचा, तो त्या विचाराचा दूरचा वारस. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या हाताखाली, काम शिकू द्यावं असं सुचवलं आहे. हाताच्या कामाला शाळेत जागा आहे. ती आपण वाढदिवसाच्या दिवशी का वापरत नाही?

आम्ही वापरून पाहिली. लेक दुसरीत होती. घरात लग्नपत्रिकांचा ढीग पडला होता, जाड, सोनेरी कडांचा कागद. तिने त्याच्या लांबट पट्ट्या कापल्या, वरती पंचिंग मशीनने भोक पाडलं, उरलेल्या लोकरीचा गोंडा ओवला, आणि प्रत्येकीवर वर्गातल्या एकेकाचं नाव घालून काहीतरी काढलं. कुणाला मांजर, कुणाला रिक्षा. चाळीस वाचनखुणा करायला तिला तीन आठवडे लागले. काही पट्ट्या वाकड्या कापल्या गेल्या, गणपतीची सोंड पंखासारखी झाली. वाढदिवसाच्या दिवशी तिने त्या बाकाबाकावर जाऊन दिल्या. वर्षभर "मला नको" म्हणणारी मुलगी त्या दिवशी देणारी झाली. ते मी वर्गाच्या दारातून पाहिलं आणि तिथून मला हलवेना. त्यानंतर आणखी काही मुलांनी घरचं केलेलं आणलं: एकाने चिंध्यांचे छोटे चेंडू, एकीने कागदी भिंगऱ्या, एकाने कुंडीतल्या तुळशीची रोपं वर्तमानपत्राच्या द्रोणात. पुढल्या वर्षी वर्गशिक्षिकेने पालकसभेत सुचवलं की वाढदिवसाला खाऊ आणूच नये. मुलाने स्वतः केलेलं काहीतरी आणावं किंवा वर्गाच्या पेटीसाठी एक गोष्टीचं पुस्तक द्यावं. सभेत बरीच खळखळ झाली.

त्या खळखळीतले आक्षेप मला महत्त्वाचे वाटतात. एका मुलीसाठी एकोणचाळीस मुलांनी चॉकलेट का सोडायचं, हा पहिला. चॉकलेट कुणीच सोडायचं नाही. घरी खा, मित्राला द्या, संध्याकाळच्या पार्टीत केक कापा. वर्गात जे वाटलं जातं ते शाळेच्या वेळेत, शाळेच्या छपराखाली, सगळ्यांच्या नावाने वाटलं जातं. तिथला नियम घरच्यापेक्षा वेगळा असणं रास्त आहे. शिवाय शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल त्याच वर्गात आहे, मधुमेहाचं इंजेक्शन घेणारं एक आहे. ते गप्प होते, इतकंच.

दूध उत्पादकाच्या पोटावर पाय येईल, असं एका पालकांनी म्हटलं. मी रोज दुधाचा चहा पितो. जगात सगळ्यांत जास्त दूध आपल्या देशात होतं. दुधाला भाव न मिळाल्याने ते रस्त्यावर ओतण्याची पाळी शेतकऱ्यावर येते तेव्हा त्यामागची कारणं खरेदीच्या दरात आणि भुकटीच्या साठ्यात असतात. वर्गातल्या चॉकलेटात ती शोधून सापडणार नाहीत.

तिसरा आक्षेप एका आईने उभं राहून घेतला आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "हे सगळं करणार कोण? रात्री अकराला प्रोजेक्टला थर्माकोल चिकटवणारी मीच, आता वाढदिवसाला चाळीस वस्तू करणारीही मीच." ती शंभर टक्के खरं बोलत होती. शाळेच्या कार्यानुभवाची निम्मी कामं आयाच करतात हे गुपित नाही. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली तेव्हा पुठ्ठ्याची वाढीव मेहनतही त्यांच्याच वाट्याला गेली. आणि घरगुती स्वयंपाकाचं, घरगुती वस्तूंचं जे गुणगान चालतं त्यात एक बाई नेहमी गृहीत धरलेली असते, जिला वेळच वेळ आहे आणि जी हसतमुख आहे. आमच्याच घरात पहिली तीन वर्षं लेबलं वाचणं, वेगळी कढई ठेवणं, प्रत्येक समारंभाआधी फोन करून विचारणं, वेगळा डबा करणं, हे सगळं बायकोने केलं. वर्षअखेरीस तिच्या रजा संपलेल्या असायच्या आणि माझ्या शिल्लक राहायच्या. हलव्याच्या प्रसंगानंतर आम्ही कामं वाटून घेतली. साच्यावर अंगाचा भार टाकणारा आता मी आहे. हलवाही मीच करतो. जानेवारीत पहाटे उठून परात मंद आचेवर ठेवायची, तिळावर अर्धा चमचा पाक सोडायचा, बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं, तो सुकला की पुढचा अर्धा चमचा. हवा कोरडी आणि गार असली तरच काटा धरतो. रोज तासभर असं चार-पाच दिवस चालतं. मळी लिंबाने काढतो.

म्हणून त्या आईला मी एवढंच म्हणालो की मुलाने केलेलं म्हणजे मुलानेच केलेलं, हे शाळेने स्पष्ट सांगितलं पाहिजे. वाकडं कापलेलं चालेल. चाळीस नसली आणि वर्गाच्या भिंतीवर लावायला एकच भिंगरी असली तरी चालेल. आईने रात्री जागून केलेली सुबक वस्तू परत पाठवण्याची हिंमत शिक्षिकेत हवी. दिवाळीचा किल्ला बघा. पोत्यावर चिखल थापून, अळीव पेरून, मुलांनी केलेला किल्ला दोन बुरुज ढासळलेलाच असतो आणि तोच खरा किल्ला असतो. बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळू लागला, तेव्हापासून मोठ्यांची दगदग वाचली आणि मुलांच्या हातून दिवाळीतला सगळ्यांत मोठा उद्योग गेला. आकाशकंदिलाचंही तेच झालं. बांबूच्या कामट्या, खळ, पतंगी कागद आणि झिरमिळ्या यांत एक अख्खी दुपार जायची. ती दुपार कुणाच्याही पोटाला बाधत नव्हती.

आता जे खायचंच आहे त्याबद्दल. पाकीटबंद पदार्थावर दूध, अंडं, शेंगदाणा, सोयाबीन, गहू यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांची नोंद करणं आपल्याकडे सक्तीचं आहे. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत ते स्वच्छ लिहिलं आहे. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनीही ही माहिती द्यायची आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र या कामी निरुपयोगी, कारण दूध शाकाहारात मोडतं. बटाट्याच्या मसालेदार काचऱ्यांत व्हे पावडर असते, दुधाविना म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉफीच्या भुकटीत सोडियम केसिनेट, म्हणजे केसीनचंच एक रूप, असतं, औषधाच्या गोळीत भर म्हणून लॅक्टोज असतं. बारीक अक्षरात का होईना, पाकिटावर वाचायला मिळतं. पण आपण सणासुदीला खातो ते बहुतेक सुटं असतं: मिठाईवाल्याच्या परातीतलं, बचत गटाच्या टेबलावरचं, मंडळाच्या पातेल्यातलं. तिथे काहीच लिहिलेलं नसतं.

ते लिहिणं अवघड नाही. ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं दुकानदारांना बंधनकारक झालं. तेव्हाही पुष्कळांनी कपाळावर आठ्या घातल्या होत्या. आज ती पाटी आपल्या अंगवळणी पडली आहे. त्याच पाटीवर "दूध आहे", "शेंगदाणा आहे" असे दोन शब्द वाढवायचे आहेत. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने हे मनावर घ्यावं, आणि तोवर मंडळांनी, महिला बचत गटांनी, शाळांनी आपणहून सुरू करावं. कागद, स्केचपेन, चिकटपट्टी. पाटी लिहायचं काम मुलांना द्या. अक्षर सुधारेल आणि कशात काय असतं हेही कळेल.

गेल्या नवरात्रात आमच्या सोसायटीत भोंडला होता. पाटावर हत्ती काढला होता, मुली फेर धरून गायल्या, आणि शेवटी खिरापत ओळखायची वेळ आली. हा क्षण आम्हाला दरवर्षी नकोसा असायचा, कारण डबा झाकलेला, आत काय आहे ते सांगायचं नाही हीच तर गंमत, आणि आम्ही मागून हळूच जाऊन यजमानीणबाईंच्या कानात विचारायचो. या वेळी त्यांनी डबा आणला, मधोमध ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पहिली खूण मीच देते. यात दूध नाही, तूप नाही, शेंगदाणा नाही. आता ओळखा!" मुली क्षणभर गप्प झाल्या आणि मग एकच गलका उठला. खीर नाही, शिरा नाही, बर्फी नाही, चिक्की नाही. तिखट की गोड? तिखट. पिवळं? पिवळं. माझी लेक इतकी पुढे सरकली होती की तिचा परकर पाटावरच्या हत्तीला लागत होता. वाटली डाळ, ती ओरडली, आणि झाकण उघडायच्या आधीच तिने हात पुढे केला.